वर चर, मधी राब, खाली राख

एक होता राजा. पण त्याची पालखी अजून घाटातल्या चिखलात अडकली आहे, त्यामुळे तो जरा उशिरा येईल. तोवर आपण म्हशीपासून सुरुवात करू.

या म्हशीचं नाव होतं सरकार. का, तर ती कुणाचंच ऐकायची नाही. ऊठ म्हटलं की बसायची. बस म्हटलं की पाण्यात जायची. पाण्यातून निघ म्हटलं की डोळे मिटून घ्यायची. म्हणून सगळे तिला सरकार म्हणायचे.

सरकार राहायची एका डोंगरावर. डोंगराचं नाव खाजऱ्या. हसताय काय? होतंच तसं नाव. हा डोंगर साधासुधा नव्हता, बरं का. त्याच्या डोक्यावर झुडपं माजली की त्याला खाज सुटायची. आता डोंगराला कुठले हात? मग तो नुसता अंग घुसळायचा. त्यानं अंग घुसळलं की दगड गडगडत खाली, फळीवरची गाडगी खाली, खाटेवरचे म्हातारे खाली! आणि त्याच्या पोटावरचं जंगल विरळ झालं की त्याला थंडी वाजायची. मग तो अंग चोरून बसायचा आणि पोटातला झरा आटून जायचा. म्हणजे डोकं मोकळं हवं आणि पोट झाकलेलं हवं. असा त्याचा थाट.

डोंगराचा हा सगळा थाट सांभाळायची ठकूअक्का. ठकूअक्का गवळी धनगरांची लेक. आईबाप नव्हते. होता एक धाकटा भाऊ म्हाळू, बारा म्हशी आणि एक कोयता.

डोंगराच्या माथ्यावर अक्कानं एक माळ राखला होता. माळ म्हणजे गळ्यातली नव्हे. माळ म्हणजे मोकळं, पसरट रान. कोयता तिच्याहून लांब होता तेव्हापासून ती तिथं खपत होती. कारवीचा कोंब दिसला की छाट. करवंदीनं डोकं काढलं की उपट. मग म्हशी सोड. म्हशी गवत खायच्या, गवत बुटकं राहायचं, बुटक्या गवतातून ऊन जमिनीपर्यंत पोचायचं, आणि मग तिथं बोटभर उंचीची इवलीइवली फुलं यायची. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा. भादव्यात तर पाय ठेवायला जागा नसायची.

माळाच्या खाली होता नाचणीचा एक पट्टा. जंगल वर सरकू बघायचं, माळ खाली उतरू बघायचा, आणि दोघांची भांडणं सोडवत अक्का मध्ये राबायची. आणि पट्ट्याच्या खाली होतं दाट जंगल. त्यातली वाळकी काटकी घ्यायची, हिरवी फांदी मोडायची नाही. मोडली की अक्का कान पिळायची.

कुणाचा? म्हाळूचा. दुसऱ्या कुणाचा?

म्हाळू चांगला ताडमाड वाढलेला गडी होता, पण भारी उतावळा. दूध निवायच्या आधी प्यायचा आणि जीभ भाजली म्हणून दुधालाच शिव्या द्यायचा. विचार करायचं काम अक्काचं, पळायचं काम म्हाळूचं. अक्का माळाच्या ह्या टोकावरून हाक द्यायची,

"आरं येड्या! वर चर, मधी राब, खाली राख!"

यातलं 'चर' म्हशींसाठी होतं आणि बाकीचं म्हाळूसाठी. कधीकधी म्हाळू सांडलेली करवंदं खात बसायचा आणि सरकार नाचणीच्या पट्ट्यात उभी असायची. मग अक्का दोघांनाही तेच ऐकवायची.

मग एका श्रावणात अक्काला ताप आला. दोन दिवस ताप. तिसऱ्या दिवशी अक्का नव्हती.

असं होतं. का होतं ते कुणी सांगत नाही. आपण पुढं जाऊ.

म्हाळू रडला नाही. तो म्हशींवर ओरडला, झऱ्यावर ओरडला, पावसावर ओरडला. मग कोयता घेऊन माळावर गेला आणि अंधार पडेपर्यंत कारवी तोडत राहिला. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं. अक्काचं लुगडं विरेल, अक्काची चूल ढासळेल. पण हा माळ आहे तोवर अक्का पुरती गेलेली नाही. माळ बुजला तर अक्का दुसऱ्यांदा जाईल.

आणि नेमकी तेव्हाच पालखी चिखलातून निघाली.

राजा आला! पुढं भालदार, मागं शिपाई, बाजूला प्रधान. राजा होता गोल गरगरीत, आणि त्याला फुलांचं भयंकर वेड. पालखी माथ्यावर पोचली तसा प्रधान ओरडला, "सरकार! सरकार, इकडे या!"

सरकार आली. आयुष्यात पहिल्यांदा हाकेला आली आणि पालखीच्या आत तोंड घालून उभी राहिली.

ती हलेना म्हणून राजा दुसऱ्या बाजूनं उतरला. उतरला आणि बघतच राहिला. पिवळं, गुलाबी, नजर पोचेल तिथवर फुलंच फुलं.

"प्रधानजी, हे कुणी लावलं?"

"कुणी नाही, महाराज. डोंगरावर हे असं आपोआप उगवतं."

म्हाळू पुढं झाला. "आपोआप? आपोआप तर दाढी वाढती, महाराज. ह्ये आमच्या अक्कानं केलंया."

"अस्सं? बोलाव तुझ्या अक्काला. सोन्याचं कडं देतो."

"ती गेली."

"कुठं गेली?"

म्हाळूनं वर बोट दाखवलं. राजानं मान वर केली. आधीच ते माथ्यावर उभे होते. वर नुसतं आभाळ.

"आणखी वर वस्ती आहे?" राजानं विचारलं.

म्हाळूनं कोयता या हातातून त्या हातात घेतला. तेवढ्यात प्रधान राजाच्या कानाशी लागला. "महाराज, बघा ना. फुलांच्या मध्ये म्हशी! म्हशी फुलं तुडवणार, हा गडी कोयता चालवणार. काय उरणार?"

राजाला ते पटलं. त्यानं हुकूम दिला. "या माळावर आजपासून माणसाचा पाय नको, म्हशीचा खूर नको, कोयत्याचं पातं नको. जसं आहे तसं राहू द्या."

"महाराज," म्हाळू कळवळून म्हणाला, "हात लागला न्हाई तर जसं हाय तसं ऱ्हायचंच न्हाई!"

"काहीतरीच. हात लावल्यानं वस्तू बिघडते. मी लहानपणी सायीला हात लावायचो, लगेच बिघडायची."

"बिघडायची का संपायची?"

राजानं शिपायांना खूण केली. शिपायांनी म्हाळूचं चंबूगबाळं आणि बारा म्हशी डोंगराच्या पायथ्याशी आणून सोडल्या. सरकार तेवढी चार वेळा परत वर गेली. पाचव्यांदा सहा शिपायांनी तिला ढकलत आणली, आणि त्यातल्या दोघांना ती अजून आवडत नाही.

राजा म्हणाला, मी दर भादव्यात फुलं बघायला येईन. पण पहिल्या वर्षी त्याच्या अंगठ्याला मुंगी चावली. दुसऱ्या वर्षी राणी माहेरी गेली, आणि तिच्याशिवाय त्याला आपली पगडी कुठं ठेवली तेच सापडेना. तिसऱ्या वर्षी मात्र निघाला.

तोवर वर काय झालं असेल, सांगा बघू? पहिल्या पावसाळ्यात गवत कमरेला लागलं. दुसऱ्या पावसाळ्यात गवतातून कारवी वर आली. तिसऱ्या पावसाळ्यात करवंदीच्या जाळ्यांनी माळावर असं जाळं टाकलं की उंदरालाही वाट विचारावी लागे. इवली फुलं खाली अंधारात गुदमरली. पायथ्यावरून म्हाळू रोज मान वर करून बघायचा. माळाचा पिवळा पट्टा बारीक होत होत दोरीएवढा झाला. मग दोऱ्याएवढा झाला. मग दिसेचना. म्हाळू भाकरी अर्धीच खाऊन उठायला लागला.

आणि डोंगराला सुटली खाज!

राजाची पालखी जाळीत शिरली मात्र, पगडी एका काट्याला, शेला दुसऱ्या काट्याला. प्रधानाचं धोतर तर कुठल्या काट्याला गेलं ते आपण विचारू नये. "माझी फुलं कुठं आहेत?" राजा ओरडला. इतक्यात खालून गडगडाट झाला.

"खाऽऽजवा रे कुणीतरी!" डोंगर म्हणाला, आणि त्यानं अंग घुसळलं.

पालखी कलंडली. राजा घरंगळला. गोल होता ना, थांबेचना! टुणटुण करत, झाडं चुकवत, थेट पायथ्याशी आला आणि म्हाळूच्या दारातल्या शेणाच्या ढिगात जाऊन रुतला. ढीग मऊ होता म्हणून वाचला.

म्हाळूनं त्याला पाय धरून बाहेर ओढलं. "या महाराज."

"माझी फुलं," राजा शेण थुंकत म्हणाला, "कुठं गेली माझी फुलं?"

"तुमच्या हुकमाखाली घुसमटली."

राजानं कानातलं शेण काढलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "काय केलं म्हणजे परत येतील?"

आता बघा. तीन वर्षं म्हाळू या एका प्रश्नाची वाट बघत होता. नीट बसून, समजावून सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण गडी पडला उतावळा. तोंड उघडलं आणि आतून अक्काचे शब्द जसेच्या तसे बाहेर आले.

"वर चर, मधी राब, खाली राख!"

"वा! केवढं सोपं!" राजा खूश झाला. "प्रधानजी, लिहून घ्या."

प्रधानानं लिहून घेतलं. ते शब्द इतक्या दिवसांनी मोठ्यानं ऐकून म्हाळूला असं भरून आलं, असं भरून आलं, की अर्थ सांगायचा राहूनच गेला. आणि राजानं तर पायथ्याशी तंबू ठोकून त्याला मानाच्या पंगतीला बसवलं. समोर जिलबी आली. अर्धी भाकरी खाणारा माणूस, तीन वर्षांचा उपाशी. मग काय!

इकडे प्रधान आपल्या तंबूत कागद घेऊन बसला. "वर चर," त्यानं वाचलं. "चर म्हणजे काय? खणतात तो चर. पाणी जायला लांब खड्डा काढतात तो. चला, फावडी आणा!" झालं. शिपायांनी माथ्यावर चढून माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून काढला. सरळ रेघेत, पुरुषभर खोल, एकामागून एक चर. डोंगर कुरकुरला, "अरे, खाजवा म्हटलं होतं, ओरबाडा नव्हे!" आवाज खालपर्यंत आला. म्हाळूला वाटलं, आपलं पोट बोलतंय. त्यानं आणखी जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रधानानं पुढचं वाचलं. "मधी राब. हे तर पोरासोरांना माहीत आहे. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब. पेटवा!" आणि मधला पट्टा पेटवला. धूर वर गेला तो डोंगराच्या नाकात. डोंगरानं श्वास घेतला. आणखी घेतला. मग अशी शिंक दिली, अशी शिंक दिली, की तीन तंबू उडाले आणि एक भालदार झाडावर सापडला. काजळी उडून म्हाळूच्या जिलबीवर पडली. म्हाळू म्हणाला, "वा, केशर बी घातलंय." डोळ्यांत जिलबी असली की दुसरं काही दिसत नाही, बरं का.

तिसऱ्या दिवशी प्रधान शेवटच्या शब्दावर आला. "खाली राख." तो आनंदानं हसला. "हे तर विचारायलाच नको."

म्हाळू दुपारी जेवून तंबूबाहेर आला. हातात एक अर्धी जिलबी होती. बघतो तर चाळीस शिपाई हातात पेटते पलिते घेऊन जंगलाकडं निघालेले! पुढं प्रधान, त्याच्यामागं डोक्यावर छत्री धरून राजा. म्हाळूनं वर बघितलं. मधला पट्टा काळा ठिक्कर. माथ्यावर मातीचे ढिगारे. अक्काचे शब्द आपणच यांच्या हातात दिले, आणि त्या शब्दांनीच यांनी अक्काचा डोंगर मोडला!

तो धावला. धावत जाऊन शिपायांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला.

"थांबा! काय करताय?"

"तूच सांगितलंस," प्रधान म्हणाला. "खाली राख."

"आवो मग राखा की!"

"राखच तर करतोय."

"राख करू नका! राखा!"

"राखा?" प्रधानानं कागद बघितला. "म्हणजे एकापेक्षा जास्त राख? शिपाई, आणखी पलिते आणा."

"आवो न्हाई! राख म्हंजी राख न्हाई! राख म्हंजी... राख!"

प्रधान राजाकडं वळला. "महाराज, याला जिलबी चढली आहे."

म्हाळूनं कपाळ बडवून घेतलं. अक्का असती तर दोन शब्दांत सांगितलं असतं. पण अक्का नव्हती, आणि म्हाळूकडं दुसरे शब्दच नव्हते. एक शिपाई पलिता खाली वाकवायला लागला. वाळका पाचोळा वीतभर अंतरावर.

तेवढ्यात म्हाळूला दिसली सरकार. ती वास काढत काढत तंबूकडून येत होती. म्हाळूनं हातातली अर्धी जिलबी राजाच्या हातात ठेवली.

"महाराज, मी झऱ्यावर तोंड धुऊन येतो. तोवर एवढी जिलबी राखा."

आणि गेला एका झाडामागं.

राजाला जिलबी प्रिय. सरकारलाही प्रिय. सरकारनं राजाकडं बघितलं, राजानं सरकारकडं बघितलं. राजानं जिलबी पाठीमागं लपवली. सरकार पाठीमागं गेली. राजानं ती पगडीत ठेवली. सरकारनं पगडी हुंगली. मग राजा एका धोंड्यावर चढला आणि जिलबी डोक्याच्या वर धरून बोंबलला, "अरे धावा! नुसते बघताय काय?" प्रधानानं राजाची छत्री उचलून म्हशीच्या तोंडापुढं धरली. म्हशीनं छत्री मोडली. आता चाळीस शिपाई धावले! पण म्हशीला धरायला दोन्ही हात लागतात, आणि हातात तर पलिते. त्यांनी पलिते झऱ्यात फेकले, फुस्स फुस्स फुस्स, आणि दहा जणांनी शेपटी धरली, दहा जणांनी शिंगं, आणि बाकीचे कुठं धरायचं ते शोधत राहिले.

म्हाळू झाडामागून आला. "महाराज, राखली का जिलबी?"

"राखली!" राजा घामाघूम होऊन म्हणाला. "जीव गेला असता, पण राखली!"

"मग कुठं हाय राख?"

"राख कुठली? जिलबीची राख कशी होईल, मूर्खा? राखली म्हणजे जपली! कुणाला हात लावू दिला नाही! राखली म्हणजे..."

राजा थांबला. त्यानं हातातल्या जिलबीकडं बघितलं. मग समोरच्या हिरव्यागार जंगलाकडं बघितलं. मग झऱ्यात विझत पडलेल्या पलित्यांकडं.

"प्रधानजी."

"महाराज."

"आपण आत्ता काय करणार होतो?"

प्रधानानं कागद घडी करून कमरेला खोचला. त्याचे कान लाल झाले.

"आणि राब?" राजानं हळूच विचारलं.

म्हाळूनं आपले दोन्ही हात पुढं केले. तळव्यांना घट्टे, बोटांना चिरा, नखांत माती. "ह्यो राब."

राजानं आपले हात बघितले. लोण्यासारखे. प्रधानाचे बघितले. त्यांना तर शाईखेरीज काहीच लागलेलं नव्हतं.

"आणि चर म्हणजे?"

हे सांगायची गरजच पडली नाही. एवढ्या गडबडीत सरकार सुटली होती. तिनं राजाच्या हातातली जिलबी उचलली आणि तोंड गोड झाल्यावर प्रधानाच्या कमरेचा कागद ओढून तोही सावकाश चावायला सुरुवात केली.

"ह्ये चर," म्हाळू म्हणाला.

मग सुरू झालं काम. राजानं पगडी काढली, प्रधानानं अंगरखा काढला. जे खणलं होतं ते आधी बुजवायचं होतं. प्रधान पाटीतून माती वाहायचा आणि म्हाळू ओरडायचा, "आवो प्रधानजी, माती म्हंजी मोती न्हाईत, दोन दोन खडे काय उचलताय!" संध्याकाळी प्रधानाच्या हाताला फोड आले. तो फोड सगळ्यांना दाखवत फिरला. तुपानं भरलेली वाटी दाखवावी तसा. मग जाळ्या तोडल्या. राजा करवंदं आधी खायचा आणि मग काटे तोडायचा, म्हणून त्याचा भाग सगळ्यात मागं राहिला. मग कारवी छाटली. डोंगराला बरं वाटायला लागलं. तो खालून सांगायचा, "हां... तिथंच... जरा वर. जरा डावीकडं... आहाहा." काळ्या पट्ट्यात नाचणी पेरली. जंगलाला कुणी हात लावला नाही. झरा वाहता राहिला.

आणि फुलं? पहिल्या वर्षी एकही नाही. नुसतं गवत. राजानं एक पान उलटं करून बघितलं, खाली लपलं असेल म्हणून. दुसऱ्या वर्षी सात. राजा त्या सातांना रोज नमस्कार करायचा. तिसऱ्या वर्षी भादव्यात म्हाळू सकाळी माथ्यावर चढला, आणि जागच्या जागी उभा राहिला.

माळ फुलला होता. पण कसा? पट्ट्यापट्ट्यांनी! जिथं चर खणून बुजवले होते तिथली माती खाली बसली होती. तिथं पाणी साचलं, आणि साचलेल्या पाण्यात पांढरे गेंद आले. इवल्या गुंड्यांसारखे, हजारोंनी. मग पिवळ्या सोनकीचा पट्टा, मग पांढऱ्या गेंदांचा, पुन्हा पिवळा, पुन्हा पांढरा. घोंगडीला काठ असतात ना, तसे सगळ्या माळाला काठ.

"काय सुंदर!" राजा म्हणाला.

म्हाळूनं कोयता फेकून दिला. "कसलं सुंदर? ह्यो अक्काचा माळ न्हाई! अक्काच्या माळावर पांढरं काय बी न्हवतं. ह्ये कुणाचं हाय?"

"माझं," प्रधान खाली मान घालून म्हणाला. "ते पांढरे पट्टे माझे आहेत. माझ्या चरांचे."

कुणी हसलं नाही. म्हाळू माळाच्या कडेला उकिडवा बसला. समोर पिवळं होतं, ते अक्काच्या हातचं. मधूनमधून गुलाबी तेरडा होता, त्याच्या स्वतःच्या कोयत्याचा. पांढरं होतं ते प्रधानाच्या चुकीचं. एका कोपऱ्यात करवंदीची एक जाळी राहून गेली होती, ती राजाच्या आळसाची. अक्कानं हा माळ कधी बघितलाच नव्हता. आणि आता बघणारही नव्हती.

मागं म्हशी खोळंबल्या होत्या. "म्हाळू," राजानं विचारलं, "सोडायच्या का म्हशी? आत्ता लगेच?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. म्हाळूनं तोंड उघडलं. अक्काचे शब्द जिभेवर तयार होते. वर चर.

पण त्यानं तोंड मिटलं.

त्यानं हात पुढं करून एक गेंद खुडला आणि बोटांत चुरला. आत बी होतं, पण अजून कोवळं, ओलसर. त्यानं सोनकी चुरून बघितली. तीही हिरवीच. म्हशी आत्ता सोडल्या तर बी म्हशींच्या पोटात जाणार, आणि पुढच्या भादव्यात इथं काय उगवणार?

"थांबा," म्हाळू म्हणाला. "आधी बी पडू द्या."

म्हाळू आणि थांबा! प्रधानाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. खालून डोंगरसुद्धा म्हणाला, "काय म्हणालास?"

"थांबा म्हनलं," म्हाळू म्हणाला. "पंधरा दिवस."

मग सगळे थांबले. म्हशी खाली दावणीला, माणसं माळाच्या कडेला. थांबायचं म्हणजे काही करायचं नव्हतं. कारवी तोडायची नाही, माती वाहायची नाही, कुणावर ओरडायचं नाही. हात नुसते मांडीवर. आणि हात रिकामे झाले तसं म्हाळूला रडू आलं. एवढ्या वर्षांचं रडू. तो अक्का, अक्का म्हणत रडला. सकाळी रडला, दुपारी रडला, दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा रडला. राजानं त्याच्या डोक्यावर शिवलेली छत्री धरली. प्रधान झऱ्यावरून पाणी आणायचा. उगी उगी असं कुणी म्हणालं नाही. सरकार दावं तोडून वर आली, त्याच्याशेजारी बसली आणि एकाही फुलाला तोंड न लावता रवंथ करत राहिली.

मग एका दुपारी वारा सुटला. सोनकीच्या बियांच्या म्हाताऱ्या पांढऱ्या होऊन उडाल्या, गेंदांचं बी टपटप मातीत पडलं. म्हाळूनं नाक पुसलं, उठला आणि म्हशी सोडल्या.

तर असं झालं. राजा दर भादव्यात येतो, फुलं बघतो, आणि फुलं बघून झाली की मुकाट्यानं कोयता घेतो. प्रधान दरबारात आता प्रत्येक शब्दाला विचारतो, "म्हणजे नक्की काय?" त्यामुळे दरबार फार लांबतो, पण जळत काही नाही. डोंगराची खाज थांबली. म्हाळूनं चार नवी रेडकं पाळली आणि तो पोटभर भाकरी खातो. सगळे सुखानं नांदतायत.

आणि सरकार? ती अजून कुणाचं ऐकत नाही. तुम्ही मात्र ऐका. बघा, सगळ्या म्हशी बसल्या, डोंगरानं कूस बदलली, गोष्ट पार दमली. आता तिला निजू द्या, आणि तिच्या कुशीत तुम्हीही निजा.